दहावी ओटी

सोनखेडे, भातकुलीनजीक
गुरुवार, ता. ३ नोव्हेंबर १८६४

आज चावडीवर जे घडले ते क्रमाने लिहून ठेवितो. त्यातून या गावात एक मोठे कार्य उभे राहील अशी माझी खात्री आहे.

खुशालराव हे येथील पाटील. शिवारातील निम्मी काळी जमीन त्यांची. त्यांनी आज चावडीवर दवंडी पिटवून जाहीर केले की, यंदापासून कापूस वेचणीची मजुरी कापसात मिळणार नाही, रोख मिळेल. आजवरची रीत अशी. वेचणाऱ्या बाया कमरेला कापडाचा झोळ बांधतात, त्यास ओटी म्हणतात. भरलेल्या दहा ओट्यांपैकी नऊ धन्याच्या आणि दहावी वेचणारीची. कापूस स्वस्त होता तोवर या दहाव्या ओटीकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हते. पुढे अमेरिकेत दोन पक्षांत युद्ध जुंपले, तिकडचा कापूस विलायतेस जाईनासा झाला आणि तेथील गिरण्या आमच्या वऱ्हाडाच्या तोंडाकडे पाहू लागल्या. तेव्हापासून तीच ओटी धन्याच्या डोळ्यांत सलू लागली. ही सारी साखळी मी आज मुलांना फळ्यावर नकाशा काढून समजावली. पुण्याच्या ट्रेनिंग शाळेत शिकलेल्या गोष्टी येथे, काळ्या मातीत, अशा जिवंत होतात हे पाहून मला विलक्षण आनंद होतो.

शाळा सुटल्यावर मनकर्णा पायरीशी आली. वेचणाऱ्या बायांच्या टोळीची ती पुढारीण. चाळिशीची, खणखणीत आवाजाची.

"पंतोजी, तुमी शिकले-सवरलेले मानूस. पाटलाले सांगा, आमाले पैसा नाई पाह्यजे. आमाले आमची ओटी पाह्यजे."

दर योग्य ठरला तर कापूस आणि रोकड यांत काहीच भेद उरत नाही, हे मी तिला चिंचोके मांडून दाखविले. तिने ते मन लावून पाहिले.

"तुमचं गनित बराबर असन," ती म्हणाली. "पन कापूस पडते माह्या कनगीत. कनगीले नवऱ्याचा हात लागत नाई, अशी आमची रीत हाय. पैशाले त घरात येता येताच पाय फुटतेत."

कनगी म्हणजे साठवणीची बांबूची मोठी टोपली. मग तिने वेगळाच विषय काढला. तिची लेक सत्यभामा अकोटास दिली आहे. जावई मारतो, गेल्या चैत्रात त्याने तिचा हात मोडला. लग्नात त्यांनी दिलेले देज, म्हणजे वधूमूल्य, परत केले तर ते फारकत द्यायला, म्हणजे मुलीला मोकळी करायला, तयार आहेत. मुलीच्या बापाला त्याचे काही नाही. "दोन सालाची ओटी म्या साठवून ठिवली. यंदाची भर पडली का लेक घरी येते. तवा कागद लिवून देसान काय?"

वेळ येताच लिहून देईन, असे मी कबूल केले. मात्र हेही सांगितले की, सार्वजनिक प्रश्नात घरगुती दुःख मिसळू नये; मिसळले की दोन्ही हातचे निसटतात.

ती म्हणाली, "असं काय," आणि गेली.

शनिवार, ता. ५ नोव्हेंबर

मारुतीच्या पारावर सभा झाली. या गावाने अशी सभा पूर्वी पाहिली नव्हती, असे सर्वजण म्हणाले. रयतेने आपले हित कसे साधावे यावर मी बोललो. पहिले तत्त्व एकजूट: एकटा उठला तर त्यास बसविता येते, सारे उठले तर बसविणाराच उभा राहत नाही. दुसरे, मागणी एकच असावी व ती एका वाक्यात सांगता यावी. तिसरे, बोलण्यासाठी योग्य माणसे निवडावी. चौथे, हात उचलू नये आणि दिलेला शब्द मोडू नये. यासाठी मी शेतीतीलच दाखले दिले. तिफणीचे तीन फण एकाच खोडात का बसविलेले असतात, हे विचारताच मंडळींनी माना डोलावल्या. बोलता बोलता माझा घसा बसला तरी थांबवेना.

मागणी मी "योग्य दर" या दोन शब्दांत आणली.

बाया विहिरीपलीकडे पदर घेऊन बसल्या होत्या. बोलणारी माणसे निवडण्याची वेळ आली तेव्हा माळ्यांच्या आळीतील म्हातारी मैनाबाई तेथूनच म्हणाली, "आमीच बोलू की! आमाले का तोंड नाई?"

"हाय ना, आख्ख्या गावाले मालूम हाय," एकजण म्हणाला, आणि मोठा हशा झाला.

मी तिला शांतपणे समजावले की, चावडीवर बायांनी बसण्याची रीत नाही. आधी उघड्या दाराने आत जावे, बंद दाराचे पुढे पाहता येईल. तेव्हा मनकर्णेचा नवरा नत्थुजी उठला. "मास्तर बराबर सांगून रायले. बायाइनं वेचावं, आमी बोलावं." माणूस देखणा, वाणी स्पष्ट, उभे राहण्यात आत्मविश्वास. मुख्य म्हणून त्यालाच निवडले.

सोमवार, ता. ७ नोव्हेंबर

प्रतिपक्षाशीही मोकळेपणाने बोलावे हे माझे पाचवे तत्त्व. म्हणून पाटलांचे जेवणाचे आमंत्रण स्वीकारले. गृहस्थ समजूतदार आहेत. व्यवहार सुटसुटीत कसा होईल, असे त्यांनीच मला विचारले. मी सांगितले, कापूस मग तो कोणाचाही असो, एका ठिकाणी, एका काट्यावर यावा. शेतातून कोणाच्या ओटीत काही परस्पर जाऊ नये.

"सारा म्हंजे सारा?" पाटलांनी विचारले.

"अपवाद ठेवला की नियम मोडला," मी म्हणालो.

पाटलांच्या पत्नी दुर्गाबाई ताक वाढीत होत्या. त्यांच्याकडे वळून पाटील म्हणाले, "आयकलं काय? तुहा कोपराही आला मंग त्यात."

"आयकलं," त्या म्हणाल्या.

चौकशी करता कळले की, वेचणीच्या पहिल्या दिवशी ज्या कोपऱ्यात पूजा होते तेथला कापूस घरधनिणीचा, अशी चाल आहे. तो विकून त्या काय करितात हे कोणी विचारीत नाही. अशा चालींमुळेच हिशेबात घोळ होतो. बाई स्वभावाने शांत दिसतात. त्यांनी मला पुन्हा ताक मात्र वाढले नाही.

गुरुवार, ता. १० नोव्हेंबर

विजय! चार दिवसांत, एक कठोर शब्द न उच्चारता! शेजारच्या गावांहून दुप्पट दर पाटलांनी मान्य केला. दर शुक्रवारी चावडीवर रोख वाटप, प्रत्येक घरच्या कर्त्या पुरुषाच्या हाती. हे शेवटचे कलम मीच सुचविले. एकाच नावाच्या तीन-तीन बाया असल्याने गोंधळ होता, तो अशाने टळेल. नत्थुजीने माझ्या गळ्यात झेंडूची माळ घातली. हा सारा क्रम एका लहान पुस्तकात मांडावा, म्हणजे इतर गावांस उपयोग होईल, असा विचार मनात घोळत आहे.

पाणवठ्याच्या वाटेवर मनकर्णा भेटली.

"जितले म्हनते तुमी."

"आपण सारे जिंकलो."

"कोन आपन?" डोक्यावरची घागर तिने सावरली. "अकोटाहून सोयऱ्याचा सांगावा आला पंतोजी. कार्तिक सरला का मंग फारकत नाई. दुसरी बायको आनून रायले, अन् माह्या लेकीले ठिवतीन शेन काढाले."

आता घरात दुप्पट मजुरी येईल, तेव्हा नवऱ्याला सांग, असे मी म्हटले. ती हसली.

"त्यानं बैलाच्या शिंगाले चांदीच्या शेंब्या सांगून ठिवल्या. सोनाराले इसारही देल्ला."

यंदा तालेवार लोकांचे पाहून अनेकांना शिंगांच्या टोकांवर असली टोपणे चढविण्याचे वेड लागले आहे. बचतीवर एक व्याख्यान द्यावे लागेल.

सोमवार, ता. १४ नोव्हेंबर

आज पाटलांच्या शेतात वेचणी सुरू व्हावयाची होती. झाली नाही.

प्रथम येथली चाल सांगतो. वेचणीपूर्वी बाया शेताच्या ईशान्य कोपऱ्यात पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीचे, एक भरदार झाड निवडतात, त्याला कापसाचे सूत गुंडाळतात, बुडाशी खडे मांडतात व दहीभाताचा नैवेद्य दाखवितात. यास सीतादही म्हणतात. मग घरधनीण प्रत्येकीच्या तळहातावर दही घालते, ते खाऊनच बाया पातीला, म्हणजे आपापल्या वेचणीच्या ओळीला, लागतात. तोवर बोंडाला हात लावीत नाहीत.

आज सूत गुंडाळले, खडे मांडले. दुर्गाबाई दह्याचे गाडगे घेऊन आल्या. त्यांनी ते झाडाशी ठेवले आणि त्या बायांमध्ये बसल्या. ऊन वर आले तरी कोणी उठेना. पाटलांनी बांधावरून विचारले, "काय खोळंबा हाय?"

"दही नाई लागलं अजून," दुर्गाबाई म्हणाल्या.

बाया खाली माना घालून बसल्या होत्या. दिवेलागणीला साऱ्या घरी गेल्या.

दही का लागले नसावे याचा मी विचार केला. हवेत गारवा आल्याने असे होते. विरजण चांगले असून उपयोग नाही. दुधाचे भांडे कोमट राखेत पुरून ठेवावे. तसा निरोप मी पाटलांच्या वाड्यावर पाठविला.

बुधवार, ता. १६ नोव्हेंबर

तिसरा दिवस. दही अद्याप लागलेले नाही. गाडग्यात मी स्वतः डोकावून पाहिले. दही घट्ट होते; सुरीने कापावे असे.

आता मला समजले. हा संप आहे.

प्रथम मला राग आला, हे लपवीत नाही. करार झाला होता, शब्द दिला होता. "शब्द कोनं देल्ला?" असे मैनाबाईने विचारले तेव्हा मी नत्थुजीचे नाव सांगितले. "मंग त्यालेच सांगा वेचाले," ती म्हणाली.

पाटलांनी दुसऱ्या गावाहून वेचणाऱ्या बाया गाड्या भरून आणविल्या. त्या बांधापर्यंत आल्या. समोर सूत गुंडाळलेले झाड, दह्याचे गाडगे आणि भोवती बसलेल्या बाया त्यांनी पाहिल्या. सीतादही अर्धे असताना शेतात पाऊल टाकणे त्यांच्याही रीतीत बसत नाही. त्यांनी बांधावरूनच हात जोडले आणि गाड्या फिरविल्या. अडविण्यासाठी कोणी बोटही उचलले नव्हते. माझ्या पाच तत्त्वांत अशा कुंपणाची सोय नाही.

दुपारी नत्थुजी आला. त्याने मनकर्णेला दंडाला धरून ओढले, काठीही उगारली. बाया ओरडल्या नाहीत. त्या उठल्या, सरकल्या आणि पुन्हा अशा बसल्या की मनकर्णा मधोमध आली व तिच्यापाशी पोहोचायला नत्थुजीला दुर्गाबाईंना ओलांडावे लागले असते. मी त्याचा हात धरला. तो माझ्यावरच उसळला: "मी पुढारी हाय ना तुमचा? तुमीच केलं मले! अन् आता आडवे येऊन रायले!"

काठी तेथेच टाकून तो गावाकडे निघून गेला.

मी बांधावर बसून राहिलो. दुप्पट दर तुम्हांला का नको, हे पुन्हा एकदा विचारले.

मैनाबाईने तंबाखू मळीत विचारले, "पंतोजी, तुमची बायको कुठी असते?"

"पुण्यास, माझ्या घरी."

"तिले पैसे धाडता?"

"दरमहा धाडतो. वडिलांच्या नावे."

"अन् तिले काही लागलं त?"

"वडिलांजवळ मागते."

"मागते काय?"

सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. प्रस्तुत विषयाशी या प्रश्नाचा संबंध नाही, असे म्हणून मी उठलो.

घरी येऊन आठवून पाहिले. माझ्या लग्नाला सहा वर्षे झाली. वडिलांजवळ तिने काही मागितल्याचे मला एकदाही आठवत नाही. आजवर मी याचा अर्थ तिला सर्व काही मिळते असा केला होता.

शुक्रवार, ता. १८ नोव्हेंबर

शाळेत दोनच मुले. घरोघरी चुली थंड आहेत. बाया दिवसभर शेतात, आणि पुरुषांना भाकरी थापता येत नाही. कोणी बायकोला घरात कोंडले, तर कोणाची आई शेतात येऊन सुनेजवळच बसली. आज चावडीवर पहिले वाटप व्हावयाचे होते. वाटण्यासारखे काही नव्हते. नत्थुजी तेथे जाऊन बसला होता, बराच वेळ.

वारा सुटला आहे. बोंडांतला कापूस लोंबून खाली पडतो आणि त्यात वाळलेल्या पानांचा चुरा शिरतो. असा कापूस अमरावतीच्या बाजारात कोणी विचारीत नाही. मनकर्णा त्या पडलेल्या कापसाकडे पाहत असते. दहा ओट्यांतली दहावी तिची; म्हणजे पडतो त्यात तिचाही कापूस पडतो, तिच्या लेकीची सुटका पडते, आणि कार्तिकाचे थोडेच दिवस राहिले आहेत. मी तिला म्हटले, "तुझ्यासाठी तरी हे लवकर मिटावे."

"मी उठली का साऱ्याच उठल्या," ती म्हणाली. "मंग पुढच्या सालाले कोनाची लेक कशी सुटन?"

घरगुती दुःखाविषयी मी पायरीवर जे बोललो होतो ते तिला आठवत असावे. तिने ते काढले नाही.

शनिवार, ता. १९ नोव्हेंबर

दुपारी मावळतीकडे ढग दिसले. पाटील बांधावर आले, त्यांनी खाली पडलेला कापूस उचलून पाहिला. मग मला म्हणाले, "मास्तर, बलावा तुमच्या पुढाऱ्याइले. मिटवून टाकू."

"पाटीलसाहेब," मी म्हणालो, "पुढारी तेथे बसल्या आहेत."

चावडीवर बायांना बोलावता येत नाही आणि बाया काही उठणार नाहीत. तेव्हा पाटीलच पायांतले जोडे काढून पातीतून चालत झाडापर्यंत गेले. एवढ्या बायांपुढे कोठे पाहावे हे त्यांना कळेना. अखेरीस पत्नीला विचारले, "दही लागलं काय?"

"दहावी ओटी देल्ली त लागन."

"देल्ली."

"चावडीवर नाई. इथं, पातीत, जिची तिच्या हाती."

"हो. जिची तिच्या हाती."

"अन् कोपरा?"

पाटील झाडाकडे पाहत म्हणाले, "कोपरा तुहा."

दुर्गाबाईंनी गाडगे उचलले. प्रत्येकीच्या तळहातावर दही पडले. मनकर्णेच्या हातावर पडले तेव्हा तिने ते लगेच खाल्ले नाही. मूठ मिटून क्षणभर तशीच धरली. मग खाल्ले आणि पातीला लागली. ढग येण्यापूर्वी जेवढे वेचता आले तेवढे त्यांनी वेचले. 

बुधवार, ता. २३ नोव्हेंबर

ढग न बरसता गेले. पहिला वेचा, म्हणजे वेचणीची पहिली फेरी, आज संपला. दहाव्या ओट्या वाटून झाल्यावर बाया घरी जाण्याऐवजी झाडाशी जमल्या. मनकर्णेने एक जुने घोंगडे अंथरले होते. मैनाबाईने आपली ओटी त्यावर रिकामी केली. मग दुसरीने, मग तिसरीने. दुर्गाबाईंनी कोपऱ्यातला कापूस आणून ओतला. मी त्यांना म्हटले की सत्यभामेच्या देजासाठी दिलेल्या या कापसाची परतफेड पुढे कशी करावयाची ते आताच ठरवावे, म्हणजे वाद राहणार नाही.

"पंतोजी," मैनाबाई म्हणाली, "तुमी उगी बसा बाप्पा."

मी उगा बसलो.

रविवार, ता. २७ नोव्हेंबर, परतीचा मुक्काम

दर्यापुरास मुक्काम करून काल अकोटास पोहोचलो. गाडी दुर्गाबाईंनी दिली. कासरे नत्थुजीच्या हाती. येतो असे तो म्हणाला नव्हता. निघते वेळी येऊन पुढे बसला, इतकेच.  मला मनकर्णेने बोलाविले: "लिवून देतो म्हनले होते ना, मंग चला."

सत्यभामेचा सासरा महादेवराव याने अंगणात कापूस उतरवून घेतला, मुठीत धरून दाबून पाहिला, मालाला नाव ठेवण्यास जागा नव्हती. चार पंच बसले. सत्यभामा दारात उभी राहिली. वीस वर्षांची असेल. डावा हात कोपरापासून वाकडा बसला आहे.

मी बोरू घेतला आणि सवयीने लिहिले: नत्थुजी यांची कन्या सत्यभामा हिचे देज नत्थुजी यांजकडून भरून पावलो, सबब तिला फारकत दिली असे.

"वाचून दाखवा," मनकर्णा म्हणाली.

मी वाचले.

"कापूस कोनाचा व्हता, पंतोजी?"

 मी लिहिलेल्या ओळीकडे पाहिले. अक्षर सुरेख आले होते. मी त्यावर आडवी रेघ मारली, नवा कागद घेतला आणि लिहिले: मनकर्णा हिची कन्या सत्यभामा हिचे देज मनकर्णा हिजकडून भरून पावलो.

महादेवराव हसला. "बाईच्या नावाचा कागद? असा कुठी असते काय? काहून हो नत्थुजी?"

नत्थुजी बैलांपाशी होता. शिंगांना शेंब्या नव्हत्या. तो जुवाची दोरी पुन्हा पुन्हा आवळीत राहिला.

"बाईचा कापूस गोड लागला," मनकर्णा म्हणाली, "मंग बाईचं नाव काहून कडू लागते?"

एक पंच खोकला. त्याने कापसाच्या ढिगाकडे पाहिले, मग महादेवरावाकडे. "घे ना बाप्पा करून," तो म्हणाला. महादेवरावाने अंगठा उठविला.

सत्यभामा अंगावरच्या लुगड्यानिशी निघाली.  पुस्तकाचा विचार माझ्या मनात आहेच. मात्र बोलणारी माणसे कोणी निवडावी, हे प्रकरण प्रथमपासून लिहावे लागेल. त्याआधी पुण्यास एक पत्र लिहावयाचे आहे. या वेळी ते वडिलांच्या नावे नसेल. माझ्या पत्नीला वाचता येत नाही, हे मी, एक शिक्षक, आज प्रथमच लिहीत आहे.

गाव मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना पांढरी शेते लागली. सत्यभामेने पदराखालून वाकडा हात बाहेर काढला व मांडीवर ठेवला.

"माय, वेचा सरला काय?"

"पह्यला सरला," मनकर्णा म्हणाली. "दुसऱ्यात तुही पात धरून ठिवली हाय."